हाकललेल्यांच्या खोऱ्यातून आलेला जमीनमंत्री

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या हायलँड या डोंगराळ मुलखात क्रोइक नावाचं एक लहानसं चर्च आहे. त्याच्या एका खिडकीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचांवर बाहेरच्या बाजूने काही अक्षरं खरवडलेली आहेत. मे १८४५ मध्ये जवळच्या ग्लेनकॅल्वी खोऱ्यातल्या अठरा कुटुंबांना, सुमारे नव्वद माणसांना, जमीनदाराच्या कारभाऱ्याने घरांतून बाहेर काढलं. त्यांनी चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मधल्या जागेत कांबळी ताणून आसरा केला आणि काचांवर आपण कोण, कुठले, हे लिहून ठेवलं. त्यात स्वतःला पापी म्हणवणारे शब्दही आहेत. ज्यांची घरं गेली, त्यांना ती आपल्याच पापाची शिक्षा वाटत होती.

हा प्रकार त्या मुलखात नवा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या जमीनदारांना कुळांच्या खंडापेक्षा मेंढ्यांत जास्त पैसा दिसू लागला होता. दक्षिणेकडून आणलेली चेव्हियट जातीची मेंढी थंडीवाऱ्यात तग धरायची, तिच्या लोकरीला गिरण्यांकडून मागणी होती आणि हजारो मेंढ्यांना मोजके मेंढपाळ पुरायचे. कुळांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, पण कागद नव्हता. एकामागून एक खोरी रिकामी झाली. कोणी समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यात गेले, कोणी ग्लासगोच्या गिरण्यांत, कोणी जहाजाने कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला.

याच रॉस-शायर परगण्यातल्या आर्डरॉस इथे १८३९ मध्ये जॉन मकेंझीचा जन्म झाला. क्रोइकच्या आवारात लोक उघड्यावर पडले तेव्हा तो जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. लहानपणी पाहिलेलं ते दृश्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही, असं त्याच्या चरित्रात आवर्जून सांगितलं जातं. त्याचं स्वतःचं घर मात्र उठवलं गेलं नव्हतं. वडील बऱ्यापैकी जमीन कसणारे कूळ होते. पण जमीन दुसऱ्याची, आणि घरात थोरला भाऊ असल्यामुळे पुढे ती वहिवाटही जॉनच्या वाट्याला येण्याची शक्यता नव्हती. त्याची मातृभाषा गेलिक होती. शिक्षण बेताचं, अंगकाठी मात्र दांडगी.

१८६० मध्ये अ‍ॅनी मन्रो हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी हे जोडपं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या ओटागो प्रांतात उतरलं. ओटागो ही स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळींनी १८४८ मध्ये वसवलेली वसाहत होती. डनेडिन शहर, पोर्ट चाल्मर्स हे बंदर आणि आत पसरलेली गवताळ कुरणं. मकेंझींना पहिलं काम मिळालं ते मेंढपाळाचं. ज्या जनावरासाठी त्यांच्या मुलखातली माणसं हाकलली गेली होती, तेच राखायचं काम. मालक होते जॉनी जोन्स. देवमाशांच्या शिकारीच्या धंद्यातून वर आलेल्या या माणसाकडे वाइकोवाइटीच्या बाजूला अफाट जमीन होती. पामर्स्टन गावाजवळच्या त्यांच्या पुकेतापू कुरणावर मकेंझी आधी मेंढपाळ होते, मग थोड्याच काळात तिथले व्यवस्थापक झाले.

१८६१ मध्ये ओटागोत सोनं सापडलं. खाणींवर माणसांची रीघ लागली, दोन-तीन वर्षांत प्रांताची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली आणि मांस, धान्य, घोडे, जे पिकेल ते विकलं जाऊ लागलं. मकेंझी सोन्याच्या मागे गेले नाहीत. त्यांनी शॅग नदीच्या खोऱ्यात स्वतःची शेतजमीन केली. राजकारणात ते आले ते गावच्या कामांतून. ते रस्ते मंडळाचे कारकून होते आणि शाळा समितीतही काम करत. वसाहतीत रस्ता म्हणजे शेतमाल बाजारापर्यंत पोचेल की नाही याचा निकाल. रस्त्याचा कर कोण भरतो, रस्ता कोणाच्या दारावरून जातो, मोठ्या कुरणवाल्यांच्या हद्दीशी तो कसा अडतो, हे सगळं या कारकुनाच्या वहीत उतरत होतं. १८७१ मध्ये ते ओटागोच्या प्रांतिक मंडळावर निवडून आले आणि १८८१ मध्ये मोएराकी मतदारसंघातून संसदेत गेले. पुढची जवळजवळ वीस वर्षं ते संसदेत होते.

संसदेत वकील, व्यापारी आणि कुरणमालक यांची गर्दी होती. मकेंझींचं इंग्रजी गेलिक वळणाचं, आवाज मोठा, राग पटकन येणारा. पण सरकारी जमीन कशी लाटली जाते याची बारीकसारीक माहिती त्यांच्याइतकी फार थोड्यांना होती. लहान शेतकऱ्यांसाठी राखलेले तुकडे मोठे कुरणवाले आपल्या नोकरांच्या, मेहुण्यांच्या, ओळखीपाळखीच्या नावावर घ्यायचे आणि मग निमूटपणे आपल्या कुरणात मिळवून टाकायचे. आपण याला बेनामी व्यवहार म्हणतो. शेतकरी म्हणून हे आपल्या डोळ्यांदेखत घडताना पाहिलेला माणूस सभागृहात उठून बोलू लागला की समोरच्यांना उत्तर देणं जड जायचं.

त्यांना संधी मिळाली ती मंदीमुळे. १८८० चं दशक न्यूझीलंडसाठी कठीण होतं. लोकर आणि धान्याचे भाव पडले, काम नव्हतं, तरुण माणसं ऑस्ट्रेलियाला निघून चालली होती. दुसरीकडे मोजक्या मालकांच्या ताब्यातल्या लाखो एकरांवर नुसत्या मेंढ्या चरत होत्या. त्याच दशकात एक तांत्रिक बदल झाला आणि त्याने शेतीचं सारं गणित फिरवलं. फेब्रुवारी १८८२ मध्ये पोर्ट चाल्मर्सहून ‘डनेडिन’ हे जहाज गोठवलेलं मांस घेऊन निघालं आणि माल शाबूत ठेवून लंडनला पोचलं. तोवर इतक्या लांबून फक्त लोकर, धान्य, कातडी अशा न नासणाऱ्या वस्तू पाठवता येत. आता मांस, लोणी, चीज यांना इंग्लंडची बाजारपेठ खुली झाली. लोकरीसाठी हजारो एकर लागतात. दुधासाठी शंभर-दीडशे एकर, काही गाई आणि घरची माणसं पुरतात. लहान शेतकऱ्याला जमीन द्या, ही मागणी तोवर न्यायाच्या भाषेत केली जात होती. गोठवणाऱ्या यंत्राने तिला हिशेबाचा आधार दिला.

१८९० च्या निवडणुकीनंतर जानेवारी १८९१ मध्ये जॉन बॅलन्स यांचं लिबरल सरकार आलं आणि मकेंझी जमीन व कृषी खात्यांचे मंत्री झाले. बॅलन्स १८९३ मध्ये वारले, रिचर्ड सेडन पंतप्रधान झाले, मकेंझींची खाती त्यांच्याकडेच राहिली. सेडन यांच्या मंत्रिमंडळात त्यांचा शब्द वजनदार होता.

या सरकारने आल्याआल्या, १८९१ मध्येच, मोठ्या जमीनधारणेवर चढता कर बसवला. या कायद्यात एक तरतूद अशी होती की सरकारने ठरवलेली किंमत मालकाला जास्त वाटली तर त्याने आपली किंमत सांगावी आणि सरकारने एकतर ती मान्य करावी किंवा त्या किमतीला जमीन विकत घ्यावी. दक्षिण बेटाच्या उत्तर कँटरबरीत चेव्हियट नावाची ८४,७५५ एकरांची इस्टेट होती. तिचे मालक विल्यम रॉबिन्सन रोकड मोजून जमिनी घेण्याबद्दल प्रसिद्ध होते, म्हणून लोक त्यांना ‘रोकडे रॉबिन्सन’ अशा अर्थाच्या टोपणनावाने ओळखत. ते वारल्यावर विश्वस्तांनी सरकारी मूल्यांकनाला हरकत घेतली आणि २,६०,२२० पौंड ही आपली किंमत सांगितली. तरतूद मूल्यांकनाचे वाद मिटवण्यासाठी केलेली होती, तिच्या आधाराने एवढी मोठी इस्टेट सरकार खरंच विकत घेईल असं फारसं कोणाला वाटलं नसेल. मकेंझींनी घ्यायला लावली. १८९३ मध्ये व्यवहार झाला. एकरी तीन पौंडांहून किंचित जास्त.

ज्या जागेवर एक मालक, त्याचा चाळीस खोल्यांचा वाडा, थोडे नोकर आणि मेंढ्यांचे कळप होते, तिथे रस्ते आखले गेले, तुकडे पडले, शेकडो माणसं राहायला आली. तिथल्या नव्या गावाला सुरुवातीला मकेंझींचंच नाव दिलं होतं. हायलँडच्या माणसांना ज्या मेंढीने देशोधडीला लावलं तिचंच नाव धारण करणारी ही इस्टेट मोडायला हायलँडचाच माणूस निघावा, या योगायोगाची मकेंझींच्या चाहत्यांना फार मौज वाटे आणि ते समजण्यासारखं आहे.

चेव्हियटच्या यशाने धीर आला, तरी कायद्याची लढाई सोपी नव्हती. वरच्या सभागृहात मोठ्या जमीनदारांचं वजन होतं. मोठ्या इस्टेटी सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला तिथून सहजासहजी मिळेना. १८९२ चा वसाहतीसाठी जमीन देण्याचा कायदा मालकाच्या राजीखुशीवर अवलंबून राहिला. १८९४ मध्ये सक्तीचं कलम अखेर आलं. प्रत्यक्षात सक्ती करण्याची वेळ क्वचितच आली, कलम आहे एवढी जाणीवच मालकांना वाटाघाटीला बसवायला पुरेशी होती. पुढच्या दोन दशकांत अशा रीतीने दोनशेच्या आसपास इस्टेटी फुटल्या आणि काही हजार कुटुंबं त्यांवर बसली. आपल्याकडे कुळकायदा आणि कमाल जमीनधारणेचा कायदा यांची चर्चा या घटनेनंतर अर्ध्या शतकाने रंगली, हे लक्षात घेतलं की मकेंझी काळाच्या किती पुढे चालत होते ते कळतं. एक मोठा फरक मात्र आहे. तिथे कसणाऱ्या कुळाला मालक करायचं नव्हतं, रिकाम्या कुरणावर नवा शेतकरी आणून बसवायचा होता.

त्यांच्या १८९२ च्या जमीन कायद्यात सरकारी जमीन घेऊ पाहणाऱ्याला तीन वाटा होत्या. रोख पैसे देऊन विकत घ्यावी, किंवा आधी भाड्याने कसून नंतर विकत घेण्याचा हक्क राखावा, किंवा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा घ्यावा. या तिसऱ्या प्रकारात वार्षिक भाडं जमिनीच्या मूळ किमतीच्या चार टक्के होतं आणि ते मध्येच वाढत नव्हतं. शेतकऱ्याने आपलं तुटपुंजं भांडवल जमीन घेण्यात न घालवता कुंपण, गोठा, गाई, बियाणं यांत घालावं, ही त्यामागची कल्पना. एकाने किती घ्यावी यालाही मर्यादा होती: पहिल्या प्रतीची ६४० एकर, दुसऱ्या प्रतीची २,००० एकर. हजार वर्षांचा पट्टा ऐकायला विचित्र वाटतो, आणि जमिनीची मालकी राष्ट्राचीच असावी असं मानणाऱ्या जहाल मंडळींना तो रुचला नाही. भाव वाढला तरी भाडं तेवढंच राहणार, मग सरकारच्या हातात काय राहिलं, असा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. मकेंझींना मात्र तत्त्वापेक्षा माणूस जमिनीवर टिकण्याची काळजी होती. उद्या कोणी खंड वाढवून आपल्याला उठवेल ही भीती त्यांनी त्यातून काढून टाकली होती.

जमीन दिली, पण पैशांचं काय? खासगी सावकार आठ-दहा टक्के व्याज लावत होते. १८९४ मध्ये अर्थमंत्री जोसेफ वॉर्ड यांनी लंडनमधून स्वस्तात कर्ज उभारून ते शेतकऱ्यांना जमिनीच्या तारणावर पाच टक्क्यांनी देण्याचा कायदा आणला. खासगी व्याजदरही त्याबरोबर उतरले. मकेंझींनी १८९२ मध्ये स्वतंत्र कृषी खातं उभं केलं. लोणी आणि चीज निर्यातीआधी तपासायचं, प्रत ठरवायची, शेतकऱ्यांना दुग्धव्यवसाय शिकवणारे प्रशिक्षक गावोगावी पाठवायचे, अशी कामं या खात्याने सुरू केली. न्यूझीलंडच्या लोण्याला इंग्लंडमध्ये जे नाव मिळालं त्यात गाईंइतकाच या निरीक्षकांचा वाटा आहे. जमीनसुधारणेच्या इतिहासात भाषणं आणि कायदे लक्षात राहतात, लोण्याच्या पेट्या तपासणारे लोक राहत नाहीत. खरं तर त्यांच्यामुळेच शंभर एकरांवरचा संसार तगला.

१८९२ च्या जमीन कायद्यातलं आणखी एक कलम आजही चर्चेत असतं. सरकारी जमीन विकताना समुद्रकिनाऱ्याला, मोठ्या तळ्यांना आणि नद्यांना लागून एक साखळी, म्हणजे ६६ फूट रुंदीचा पट्टा सार्वजनिक राखायचा. स्कॉटलंडमध्ये नदीतला सामन मासा जमीनदाराचा असे, कुळाने गळ टाकला तर तो चोर ठरे. नव्या देशात कोणत्याही सामान्य माणसाला पाण्यापर्यंत जाता यावं, ही मकेंझींची इच्छा होती. हा पट्टा सगळीकडे अखंड नाही, त्यावरून वाद होतात, पण न्यूझीलंडच्या लोकांना नदीकाठ आपला वाटतो त्याचं एक मूळ इथे आहे.

आता या कर्तृत्वाची दुसरी बाजू. ती वगळून मकेंझींबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

नव्या शेतकऱ्यांना बसवायला जमीन हवी होती, आणि जमीनदारांच्या फोडलेल्या इस्टेटी हा तिचा छोटा भाग होता. मोठा भाग आला न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांकडून, म्हणजे माओरींकडून. १८९१ ते १९११ या वीस वर्षांत माओरींच्या तीस लाखांहून जास्त एकर जमिनी त्यांच्या हातून गेल्या, त्यातल्या बहुतेक उत्तर बेटावर आणि बहुतेक सरकारने घेतलेल्या. १८९६ च्या जनगणनेत माओरींची संख्या सुमारे ४२ हजार होती, इतकी कमी ती त्याआधी कधी नोंदली गेली नव्हती. १८६५ पासून चाललेल्या जमीन न्यायालयाने टोळीची सामायिक मालकी वेगवेगळ्या नावांवर वाटून टाकली होती. मोजणी, सुनावणी, वकील यांच्या खर्चानेच कुटुंबं कर्जात जायची. १८९४ च्या कायद्याने माओरींनी जमीन विकायची ती सरकारलाच, असं ठरवलं. एकच गिऱ्हाईक, तेच भाव ठरवणारं. चेव्हियटच्या विश्वस्तांनी एकरी तीन पौंड आपल्या तोंडाने मागून घेतले, तर माओरींच्या हाती कित्येकदा एकरी मोजके शिलिंग पडत. तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड होई.

१८९२ पासून भरणाऱ्या ‘कोताहितांगा’ या माओरींच्या स्वतःच्या संसदेने जमीनविक्री थांबवा, असा आवाज उठवला. वेलिंग्टनच्या संसदेने या माओरी संसदेला मान्यता दिली नाही. मकेंझींच्या नजरेत माओरींची जंगलं आणि मोठ्या कुरणवाल्यांची गवताळ टेकाडं यांत फरक नव्हता. दोन्ही न कसलेली, दोन्ही शेतकऱ्याची वाट पाहणारी. इतिहासकार टॉम ब्रुकिंग यांनी मकेंझींचं सविस्तर चरित्र लिहिलं आणि लिबरल सरकारच्या माओरी जमीन धोरणावरच्या एका अभ्यासलेखाला सर्वांत मोठी इस्टेट फोडण्याच्या कामाचं नाव दिलं. माझ्या मते याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. माओरींकडेही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती आणि कागद नव्हता किंवा होता तो दुसऱ्याने केलेला. ग्लेनकॅल्वीच्या माणसांबद्दल आयुष्यभर चीड बाळगणाऱ्या मंत्र्याला हे साम्य दिसायला हवं होतं. त्यांना ते दिसलं नाही, किंवा दिसूनही नवा शेतकरी त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला. त्यांच्याच पक्षातले माओरी वंशाचे जेम्स कॅरल १८९९ मध्ये माओरी व्यवहारांचे मंत्री झाले आणि त्यांनी खरेदीचा वेग रोखायचा प्रयत्न केला, तोवर बरंच घडून गेलं होतं.

शेवटची वर्षं आजारपणात गेली. १८९९ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, गुण आला नाही. १९०० मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्या वर्षी राजपुत्र जॉर्ज न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना त्यांना सर हा किताब दिला गेला आणि थोड्याच दिवसांत, ६ ऑगस्ट १९०१ रोजी ते वारले. पामर्स्टनमागच्या पुकेतापू टेकडीवर, जिथे त्यांनी मेंढ्या राखल्या त्याच भागात, त्यांचं उंच दगडी स्मारक आहे.

त्यांची ९९९ वर्षांची कल्पना फार टिकली नाही. १९०७ मध्ये असे नवे पट्टे देणं बंद झालं. विल्यम मॅसी नावाचा आयर्लंडहून आलेला दुसरा शेतकरी विरोधी पक्षाचं नेतृत्व करत होता. निवडणूक लढवण्याचं आमंत्रण त्याला १८९४ मध्ये शेतात गंजीवर काम करताना मिळालं आणि तार त्याच्याकडे गवताच्या काट्यावर खोचून वर दिली गेली, असं सांगतात. १९१२ मध्ये पंतप्रधान झाल्यावर मॅसींनी मकेंझींच्या पट्टेदारांना मूळ किमतीला जमीन विकत घेण्याची मुभा दिली. मकेंझींनी वसवलेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांची मतं मॅसींना गेली होती. त्यांना मालकीच हवी होती.

मकेंझींची स्वतःची जमीनही एका जुन्या व्यवहारातून आलेली होती. १८४८ मध्ये सरकारचे प्रतिनिधी केंप यांनी दक्षिण बेटाचा प्रचंड भाग तिथल्या नाई ताहू या माओरी टोळीकडून अवघ्या २,००० पौंडांना घेतला. टोळीसाठी पुरेशा राखीव जमिनी, शाळा आणि दवाखाने देऊ असं सांगितलं गेलं होतं. राखून मिळाले साडेसहा हजारांहून कमी एकर. मोएराकीचे नेते मतिआहा तिरामोरेहू यांनी १८४९ मध्ये याबद्दल पहिली लेखी तक्रार केली आणि ते १८८१ मध्ये वारले. त्याच वर्षी मकेंझी मोएराकीतून निवडून आले. १८९१ मध्ये, मकेंझी जमीनमंत्री झाले त्या वर्षी, अलेक्झांडर मॅके यांच्या चौकशी आयोगाने सरकारला कळवलं की नाई ताहूंपैकी दहांत नऊ जणांकडे पोटापुरतीही जमीन नाही. माओरींच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने या तक्रारीवर आपला अहवाल दिला तो १९९१ मध्ये. १९९८ मध्ये न्यूझीलंड सरकारने नाई ताहूंची जाहीर माफी मागितली आणि १७ कोटी न्यूझीलंड डॉलरचा समझोता कायद्याने मंजूर केला.